पाट्या पडत असताना नेमकं बघायचं काय?

प्रश्न: मी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. असाइनमेंट अशी आहे की टीव्हीवरच्या एका क्राइम ड्रामाचं ओपनिंग टायटल घ्या आणि त्याचं विश्लेषण करा. मी 'डेक्स्टर' घेतलं (पोलिसांत काम करणारा आणि लपून खून करणारा माणूस), चार वेळा बघितलं आणि लिहिलं की तो उठतो, दाढी करतो, नाश्ता करतो, बुटाच्या नाड्या बांधतो, बाहेर पडतो आणि यातून त्याचं दुहेरी आयुष्य दिसतं. सरांनी शेरा मारला, "हे वर्णन झालं, विश्लेषण कुठंय?" मला खरंच कळत नाहीये अजून काय लिहायचं, जे दिसतं ते तर सगळं लिहिलं.

उत्तर: सरांचं बरोबर आहे, पण तुम्ही घाबरलायत तेवढं काम काही बाकी नाहीये. तुम्ही काय दिसतं ते लिहिलंत, ते कसं दिसतं ते राहिलं. म्हणजे बघा, माणूस दाढी करतो हे तर शेव्हिंग क्रीमच्या जाहिरातीतही दिसतं. मग जाहिरात बघताना पोटात गोळा येत नाही आणि इथे का येतो, एवढा एकच प्रश्न धरून बसा, बाकीचं त्यातूनच निघेल.

मी काय करते ते सांगते. आधी कागदावर एक एक शॉट लिहून काढायचा आणि मग त्यातली सगळी नामं खोडून टाकायची, फक्त क्रियापदं ठेवायची. डेक्स्टरचं केलं तर काय उरतं? चिरडलं (डास), खरवडलं, टिपून घेतलं, चिरलं, तळलं, कापलं, दळलं, दाबलं, पिळलं, आवळलं, ताणलं. आता ही यादी कुणाला नुसती वाचून दाखवा आणि विचारा, हे कशाबद्दल असेल? नाश्ता म्हणून कुणीही सांगणार नाही! मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण त्या टायटलमध्ये एकही गुन्हा घडत नाही, एक डास सोडला तर कुणी मरत नाही, आणि तरी गुन्ह्याची सगळी क्रियापदं तिथे हजर आहेत. इथून तुमचं विश्लेषण सुरू होतं.

मग कॅमेरा बघा. तो इतका जवळ जातो की वस्तूचा आकारच कळेनासा होतो. दात साफ करायच्या फ्लॉसचा दोरा बोटांभोवती गुंडाळून आवळला जातो तेव्हा त्या क्षणी ते बोट वाटत नाही, गळा वाटतो. बुटाची नाडी ओढली जाते तेव्हाही तेच. टी-शर्ट डोक्यातून घालताना कापड चेहऱ्यावर ताणलं जातं आणि नाकाडोळ्यांचा आकार कापडातून वर येतो, जशी एखाद्याच्या तोंडावर चादर दाबून धरलीय. हे सगळं आपण रोज करतो, पण इतक्या जवळून कधी बघत नाही, आणि टायटलचा डाव हाच आहे की दाखवायचं रोजचंच, फक्त अंतर बदलायचं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, मालिकेशी जोडा. टायटल ही सुटी शॉर्ट फिल्म नाहीये, तिचा प्रत्येक दावा मालिकेत कुठेतरी वसूल व्हायला हवा. डेक्स्टर मायामीत पोलिसांकडे रक्ताच्या शिंतोड्यांचा तज्ज्ञ आहे, म्हणजे रक्त कुठल्या दिशेने, किती जोरात उडालं ते बघून काय घडलं असेल ते सांगणं हे त्याचं काम. आता टायटलमधला तो हॉट सॉसचा शॉट परत बघा, प्लेटवर लाल थेंब उडालेत. तो त्याच्या नोकरीचा फोटो आहे हो! किंवा मांसाचं पाकीट. सुरीच्या टोकाने प्लास्टिक चिरलं जातं, त्याखाली मांस. आणि मालिकेत तो आपल्या सावजाला काय करतो, तर प्लास्टिकच्या शीटने खोली झाकतो, प्लास्टिकमध्येच गुंडाळून टेबलावर बांधतो आणि सुरी उचलतो. शॉट एक-दोन सेकंदाचा आणि त्यात अख्खा विधी बसवलाय. संत्रंसुद्धा साधं नाही घेतलेलं, आतून रक्तासारखं लाल असतं ते ब्लड ऑरेंज घेतलंय.

आता म्यूट करून बघा, आणि मग उलटं करा, स्क्रीनकडे पाठ करून नुसतं ऐका. माझ्या मते ही सगळ्यात उपयोगी सवय आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात. म्यूट केलं की चित्रं भीतीदायक वाटतात. नुसतं ऐकलं तर रॉल्फ केंटचं संगीत तंतुवाद्यं छेडत चाललेलं, हलकं, जवळजवळ खट्याळ. म्हणजे चित्र एक सांगतंय आणि संगीत वेगळंच, आणि डेक्स्टर त्या दोघांच्या मधल्या फटीत राहतो. भीषण काम आणि प्रसन्न चेहरा. तुम्ही "दुहेरी आयुष्य" लिहिलंत ना, ते चुकलेलं नव्हतं, फक्त ते कुठे दिसलं ते दाखवायचं राहिलं. ते या फटीत दिसलं असं लिहिलंत की झालं विश्लेषण.

शेवटचा शॉट मुद्दाम वेगळा बघा, कुठल्याही टायटलचा. इथे दार लावून तो बाहेर पडतो, नीटनेटका, स्वच्छ, आणि जाता जाता कॅमेऱ्याकडे बघून मान हलवतो, शेजाऱ्याला करतात तशी. शेजाऱ्याने फक्त एवढंच बघितलंय, पण आपण आतलं सगळं बघून आलोय. मालिकाभर त्याच्या मनातलं आपल्यालाच ऐकू येतं, त्याच्या बहिणीला नाही, सहकाऱ्यांना नाही, म्हणजे त्या एका मान हलवण्यात आपल्याला साथीदार करून घेतलंय. २००७ मध्ये या टायटलला टायटल डिझाइनचं एमी (अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार) मिळालं ते काही उगाच नाही, डिजिटल किचन नावाच्या स्टुडिओचं काम आहे ते.

एक साधी युक्ती पण सांगून ठेवते, कारण चार वेळा बघितलं म्हणता पण सरळ प्ले करून बघितलं असणार. व्हीएलसी प्लेअरमध्ये ई हे बटण दाबलं की एक एक फ्रेम पुढे जाते, यूट्यूबवर पॉज करून पूर्णविरामाचं बटण पुढे नेतं आणि स्वल्पविरामाचं मागे. हे टायटल साधारण पावणेदोन मिनिटांचं आहे, सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर अडीच हजारांच्या आसपास फ्रेम झाल्या. सगळ्या बघू नका. जिथे डोळा अडकतो तिथलेच पाच-सहा शॉट घ्या आणि त्यांच्यावरच लिहा. सगळ्या शॉटवर एक एक ओळ लिहिण्यापेक्षा त्या प्लास्टिकच्या पाकिटावर एक परिच्छेद लिहिलात तर सर स्वतः बोलावून घेतील.

प्रश्न: माझा मुलगा म्हणतो 'द सोप्रानोज'चं टायटल म्हणजे अभ्यासाचा विषय आहे. मी बघितलं. एक जाडा माणूस सिगार ओढत गाडी चालवतो आणि घरी पोचतो. यात अभ्यास करण्यासारखं काय आहे ते मला समजावून सांगाल का? मी चेष्टा करत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

उत्तर: तुम्ही जे दोन वाक्यांत लिहिलंत ना, त्यातलं "घरी पोचतो" हे सगळ्यात मोठं आहे. तो माणूस म्हणजे टोनी सोप्रानो, न्यू जर्सीतला माफिया बॉस. त्याची गाडी कुठून निघते ते बघा. लिंकन टनेलच्या छतावरचे दिवे डोक्यावरून सरकतायत, म्हणजे न्यूयॉर्क मागे टाकून तो नदीखालून न्यू जर्सीत येतोय. अमेरिकन गँगस्टर म्हटलं की न्यूयॉर्क हे समीकरण आधी सिनेमाने पक्कं केलेलं होतं, आणि ही मालिका पहिल्याच मिनिटात त्या शहराकडे पाठ करते. तिथून पुढे टोलनाका, कारखाने, धुराडी, टाक्या, मग छोटी दुकानं, मग एकमेकांना चिकटलेली छोटी घरं, मग जरा बरी घरं, आणि शेवटी झाडीतला मोठा ड्राइव्हवे आणि त्याचं घर. तो काय कमावून बसलाय आणि कुठून वर आलाय हे सगळं नुसत्या रस्त्याने सांगितलंय, एक शब्द न बोलता.

आणि माणूस बघा कसा दाखवलाय, तुकड्या-तुकड्यांत. अंगठीवाला हात, सिगार, आरशातले डोळे. त्याला अख्खा असा फार उशिरा बघू देतात. गाडीतून उतरतो आणि दार लावतो, तिथे टायटल संपतं. आता मालिका बघितली असेल तर तुम्हाला माहितीये की त्या घरात त्याला चैन नाही, पहिल्याच भागात तो मानसोपचारतज्ज्ञाकडे बसलाय. म्हणजे दर भागाच्या आधी आपण त्याला घरी सोडून येतो आणि मग त्या घरात काय वाट्टेल ते घडतं. मला स्वतःला ते गाडीचं दार लागणं फार आवडतं. विसावा मिळाल्यासारखं वाटत नाही, आतली शिफ्ट सुरू झाल्यासारखं वाटतं.

अजून एक गोष्ट, आणि ही मुलाला नक्की सांगा. १९९९ ला मालिका सुरू झाली तेव्हापासून पहिले तीन सीझन गाडीच्या बाजूच्या आरशात वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन टॉवर दिसायचे. ११ सप्टेंबर २००१ नंतर जो चौथा सीझन आला, २००२ मध्ये, त्यातून तो शॉट काढून टाकला. आता जुने भाग लावले आणि तो आरसा आला की आत काहीतरी हलतं. शॉट जेव्हा चित्रित केला तेव्हा तो फक्त "न्यूयॉर्क मागे पडलं" एवढंच सांगत होता, त्यात एक फ्रेमही बदललेली नाही, आणि तरी त्याचा अर्थ पार बदलून गेला. विश्लेषण करताना चौकटीच्या आतलं बघतो आपण, पण कधी कधी अर्थ चौकटीच्या बाहेरून येऊन बसतो. म्हणून कुठल्या साली बनलं आणि आपण कुठल्या साली बघतोय, दोन्ही लिहायचं.

प्रश्न: 'द वायर'मध्ये दर सीझनला तेच गाणं वेगळा माणूस का गातो? पैसे वाचवायला की यात काही अर्थ आहे? आणि टायटलमध्ये एकाही हिरोचा चेहरा का दाखवत नाहीत, मला तर पहिले दोन-तीन भाग कोण कोण आहे तेच कळत नव्हतं.

उत्तर: तुम्हाला कोण कोण आहे ते कळत नव्हतं, हीच तर त्या मालिकेची भूमिका आहे! एकही माणूस हिरो नाही, हिरो असलंच तर बाल्टिमोर शहर. टायटलमध्ये हात दिसतात, फोन दिसतात, वायरी, देवाणघेवाण, टॅप केलेल्या आवाजाच्या लाटा, आणि नटांचे चेहरे मुद्दाम टाळलेत. पोलिसाचा हात कुठला आणि ड्रग्ज विकणाऱ्याचा कुठला हे पटकन ओळखता येत नाही, आणि मालिका पाच सीझन तेच म्हणत राहते की दोन्हीकडे यंत्रणाच आहे आणि माणूस तिच्यातला एक हात.

गाण्याचं असं आहे. मूळ गाणं टॉम वेट्सचं, १९८७ चं, आशय असा की सैतानाला खाली खड्ड्यातच दाबून ठेवलं पाहिजे. पहिल्या सीझनला ते ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा गातात, दुसऱ्याला स्वतः वेट्स, तिसऱ्याला नेव्हिल ब्रदर्स, चौथ्याला डोमाजे नावाचा बाल्टिमोरच्याच किशोरवयीन मुलामुलींचा गट, पाचव्याला स्टीव्ह अर्ल. आणि प्रत्येक सीझन शहराचा वेगळा कोपरा उघडतो, रस्त्यावरचा धंदा आणि पोलीस, मग बंदर, मग राजकारण, मग शाळा, मग वर्तमानपत्र. चित्रंही त्याप्रमाणे बदलतात. आता चौथा सीझन शाळेतल्या मुलांचा, आणि आवाजही त्याच शहरातल्या मुलांचा. मोठ्या माणसांनी खर्जात गायलेलं ते सैतानाचं गाणं जेव्हा पोरांच्या गळ्यातून येतं तेव्हा सीझनमध्ये या मुलांचं काय होणार याची पाल तिथेच चुकचुकते. शब्द तेच, सैतान तोच, फक्त पिढी बदलली. पाचव्याचा स्टीव्ह अर्ल तर मालिकेत कामही करतो, व्यसनातून बाहेर पडलेल्या आणि दुसऱ्याला बाहेर काढायला बघणाऱ्या माणसाचं, म्हणजे तो आवाजही बाहेरून आणलेला नाही. त्यामुळे पैशांचा प्रश्न तुम्ही सोडून द्या.

एक शॉट मात्र थांबवून बघाच. पाळतीचा कॅमेरा आहे, आपण त्या कॅमेऱ्यातूनच बघतोय आणि एक दगड येऊन थेट आपल्यावर आदळतो, काच तडकते. अख्ख्या मालिकेत पोलीस ऐकायचा, बघायचा प्रयत्न करतायत आणि समोरचा त्यांचा डोळा फोडतोय. आणि त्या वेळी तो डोळा आपलाही असतो.

प्रश्न: हल्ली बघावं त्या क्राइम सिरीजचं टायटल सारखंच, माणसाच्या चेहऱ्यात शहर किंवा जंगल, संथ उदास गाणं, सगळं राखाडी. 'ट्रू डिटेक्टिव्ह'चं ग्रेट आणि बाकीचे कॉपी असं का म्हणतात, दोन्हीकडे दिसतं तर तेच.

उत्तर: दिसतं तेच, पण तिथे ते का आलं ते बघा. २०१४ चा पहिला सीझन लुइझियानाच्या किनारपट्टीवर घडतो, दलदल, उसाची शेतं आणि त्यांच्या मधोमध तेलाच्या रिफायनऱ्या. पॅट्रिक क्लेअर आणि इलास्टिक स्टुडिओने डबल एक्स्पोजर वापरलं, म्हणजे एकाच फ्रेमवर दोन प्रतिमा, जुन्या फोटोग्राफीतली पद्धत. माणसाच्या आकारात धुराडी आणि पाइपलाइनी भरलेल्या. तिथला गुन्हा हा एका माणसाचा नाही, त्या जमिनीत मुरलेला आहे आणि दोन्ही डिटेक्टिव्ह पण त्याच जमिनीने पोखरलेले आहेत, त्यामुळे माणूस बघायला जावं तर आत जमीन दिसते, हे त्या गोष्टीचंच चित्र झालं. गाणंही हँडसम फॅमिली नावाच्या बँडचं, २००३ चं, मालिकेसाठी बनवलेलं नाही आणि तरी तिथलंच वाटतं. २०१४ चं टायटल डिझाइनचं एमी या टायटलला मिळालं आणि मग सगळ्यांना चेहऱ्यात काहीतरी भरायची घाई झाली.

कॉपी ओळखायची माझी एकच कसोटी आहे. हे टायटल उचला आणि मनातल्या मनात दुसऱ्या मालिकेला लावा. आरामात बसलं तर ते फक्त मूड आहे. लुइझियानाची ती धुराडी न्यूयॉर्कच्या वकिलांच्या मालिकेला लावून बघा, बसत नाहीत. डेक्स्टरचा नाश्ता दुसऱ्या कुणाला लागतो का बघा, नाही लागत.

प्रश्न: मी नेहमी स्किप करते. चुकतंय का?

उत्तर: नाही हो, चुकत काही नाही. ते बटण नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये आणलं आणि एका रात्रीत सहा भाग बघणाऱ्याला सहा वेळा तेच टायटल नको वाटणारच. फक्त दोनदा स्किप करू नका, पहिल्या भागाला आणि शेवटचा भाग संपल्यावर परत एकदा. पहिल्यांदा नुसती चित्रं असतात, शेवटी प्रत्येक चित्राच्या मागे काय आहे ते तुम्हाला माहीत असतं, आणि त्या दोन बघण्यांत जो फरक पडतो तो कुणी लेख लिहून समजावू शकत नाही. आणि वायरसारखं दर सीझनला बदलणारं असेल तर सीझनच्या सुरुवातीला एकदा.

प्रश्न: टायटलमध्ये नटांची नावं कुठल्या क्रमाने येतात त्याला काही छुपा अर्थ असतो का? माझ्या मैत्रिणीने एका मालिकेत नाव शेवटी आलं म्हणून तोच खुनी असा अंदाज बांधला आणि तो बरोबर आला.

उत्तर: अंदाज बरोबर आला हा योगायोग. नावांचा क्रम करारात ठरतो, कुणाचं पहिलं, कुणाचं शेवटी, यावर एजंट लोक भरपूर घासाघीस करतात आणि शेवटी एकट्याने येणारं नाव हा बहुतेक वेळा ज्येष्ठ किंवा मोठ्या नटाला दिलेला मान असतो. मोठा नट छोट्या भूमिकेत दिसला की संशय घ्यायला जागा असते हे खरं, पण तो अंदाज कास्टिंगवरून झाला, टायटलवरून नाही. विश्लेषणात क्रमावर वेळ घालवू नका.

अक्षरांवर मात्र जरूर घालवा, कारण ती कुणीतरी ठरवून काढलेली असतात. १९९५ च्या 'सेव्हन' या सिनेमासाठी काइल कूपरने जे टायटल केलं त्यात नावं हाताने खरवडून काढलेली आहेत, थरथरणारी, उड्या मारणारी, कारण पडद्यावर खुन्याच्या वह्या बनत असतात आणि पाट्याही त्यानेच लिहिल्यासारख्या वाटायला हव्या होत्या. टीव्हीवरच्या क्राइम मालिकांत ती ओरखडलेली अक्षरं नंतर कितीतरी वर्षं दिसत राहिली. तेव्हा पुढच्या वेळी मैत्रिणीसोबत बसाल तेव्हा कुणाचं नाव शेवटी आलं ते राहू द्या. ते अक्षर छापल्यासारखं आहे, टाइपरायटरचं आहे की हाताने लिहिलंय, आणि हाताने असेल तर तो हात गोष्टीतल्या कुणाचा आहे, हे तिला विचारा.